देवातली कॅसेट

श्रावणात कानबाई देवी घरी यायची म्हटली की खानदेशी बाई आठ दिवस आधीच पदर खोचते. मग ती धुळ्याची असो, पारोळ्याची असो, की पोटापाण्यासाठी सुरतेला येऊन राहिलेली असो. एरवी सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या चाळीत नळाला पाणी आलं की पहिलं भांडण ऐकू यायचं. कानबाईच्या आठवड्यात मात्र पहिला ऐकू यायचा तो काथ्याचा आवाज. खसाखसा, खसाखसा. जणू सगळी चाळ एकाच तालावर झांज वाजवतेय.

सुंदराबाईचं घर दोन खोल्यांचं. समोरच डाईंग मिलच्या चिमण्या. बॉयलरची काजळी अशी बारीक, की सकाळी पुसलेल्या फ्रीजवर दुपारी बोटानं नाव लिहावं. सुंदराबाईनं या काजळीशी बावीस-तेवीस वर्षं झुंज घेतली होती आणि अजून हार मानली नव्हती. प्रत्येक वस्तूचा स्वभाव तिला ठाऊक. पितळेला चिंच हवी, पण चिंच लावून गप्पा मारत बसलात की पितळ रुसतं. कडाप्प्याच्या ओट्याला सोडा चालतो, लिंबू नाही. पंख्याच्या पात्यांना आधी रॉकेलचं फडकं, मग कोरडं. फ्रीजच्या दाराचं रबर जुन्या ब्रशनं घासायचं, पण ओढायचं नाही. ते सैल झालं की थंडावा रात्रंदिवस गळत राहतो. ती म्हणायची, "वस्तूले बी जीव र्‍हास. तिन्हासंगे नीट वागा, ते ती बी नीट वागस."

यंदा हाताखाली सून होती. मुलाचं, योगराजचं, लग्न वैशाखात झालं, आणि वर्षा घरात आली. मूळ घराणं शिंदखेड्याकडचं, पण पोरगी जन्मली-वाढली सुरतेच्या जुन्या शहरातल्या गल्लीत. अहिराणी समजायची, बोलताना मात्र गुजराती आधी जिभेवर यायची. सासूला ती 'मम्मी' म्हणे. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा सुंदराबाईनं मागं वळून पाहिलं होतं, की दारात कोण बाई आली.

"मम्मी, मिक्सर पण धुवायचा?" वर्षानं विचारलं.

"मिक्सर कसा धुशी वं? ओल्या फडक्यानं पुस."

"अने टेप?"

"टेप पुस. पंखा पुस. जे धुता येतं ते धू, जे धुता येत नाही ते पूस. कानबाई घरात येते तेव्हा कोरी वस्तू राहायला नको. सुईपासून सुपापर्यंत प्रत्येक वस्तूला पाणी लागलं पाहिजे."

"आणि देवातलं?"

"देवातलं तर आधी! देवांना कोरं ठेवतं का कुणी?"

एवढं बोलून सुंदराबाई गव्हाच्या मागं लागली. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायचे, धुवायचे, सावलीत वाळवायचे, म्हणजे तो एक स्वतंत्र यज्ञच. ती लीलाबाईच्या गॅलरीत गहू पसरायला गेली, कारण वारा तिच्याच गॅलरीत. लीलाबाई परभणीकडची, शेजारच्याच खोलीत राहणारी. कानबाई तिच्या गावी नव्हती, पण खानदेशी शेजाराला राहून ती दर वर्षी गहू निवडू लागायची आणि निवडता निवडता अख्ख्या चाळीलाही निवडायची.

इकडे वर्षा देवघरापुढे बसली.

आता त्या देवघरात काय होतं, ते आधी सांगायला हवं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, पितळेची समई. आणि उजव्या कोपऱ्यात, लाल फडक्यात बांधलेली एक कॅसेट.

सुंदराबाईचे वडील शालिग्रामबुवा पारोळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात राहत. दिवसा शेतीकाम, आणि आसपासच्या गावांत सप्ताह असला की कीर्तन. मोठे नावाजलेले नव्हते. पण आवाज असा, की पाठीमागं उभे टाळकरी टाळ वाजवायचे विसरत. एका सप्ताहात सुंदराबाई माहेरी गेलेली असताना कुणा पाहुण्यानं टेप आणला आणि बुवांचं कीर्तन भरून घेतलं. एकच कॅसेट. पुढच्या वर्षी बुवा गेले.

कीर्तनाच्या मध्यावर, दृष्टांत ऐन रंगात आलेला असताना, बुवा एकदम थांबतात. समई मंद होत चालली असावी. आणि त्याच सुरात, कीर्तनातलंच वाक्य असल्यासारखं म्हणतात, "सुंदी, वात सार पुढं." मग पुढचा अभंग. टेपवर तेवढं एवढंसं वाक्य.

सुंदी. आता तिला असं कुणी म्हणत नव्हतं. आई आधीच गेलेली, भाऊ नाही. घरात ती योगराजची आई, चाळीत सुंदराबाई, नवऱ्याची 'वं, ऐक ना', आणि आता मम्मी. सुंदी फक्त त्या कॅसेटमध्ये उरली होती.

म्हणून तिनं ती कॅसेट देवात ठेवली. ऐकून ऐकून झिजते, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून वर्षातून एकदाच लावायची. कानबाईचं तापीवर विसर्जन करून आलं, की घर कसं ओकंबोकं होतं. त्या विसर्जनाच्या सोमवारी दुपारी. टेप लावायची, समोर समई लावायची, आणि 'सुंदी, वात सार पुढं' आलं की खरोखर उठून वात पुढं सारायची. बाकी वर्षभर फडकं सोडून रोज हळद, रोज कुंकू, सणाला तूप-निरांजन. इतकी वर्षं. प्लॅस्टिकच्या डबीवर तूप आणि कुंकवाचा थर असा बसला होता, की डबी आहे की दगडाचा शेंदरी देव, ते ओळखू येऊ नये.

वर्षानं फडकं सोडलं. डबी उघडायचा प्रयत्न केला, उघडेना. तुपानं चिकटून बसलेली. आत काय आहे तेही दिसेना. तिच्या मनात आलं, देवातलं आहे, देवांबरोबर न्हाईल. परातीत कढत पाणी, त्यात सोडा आणि साबणाचा चुरा. त्यात समई, त्यात निरांजन, त्यात ती डबी. थर मऊ होऊ दे म्हणून परात तशीच सोडून ती पंखा पुसायला स्टुलावर चढली.

पंखा पुसून खाली उतरली तेव्हा डबी उघडली होती. कॅसेट लालसर पाण्यात पडली होती, आणि तिच्यातून सुटलेला पट्टीचा एक वेढा समईच्या बुडाखाली दबला होता.

सुंदराबाई गव्हाची रिकामी पाटी घेऊन आत आली आणि दारातच उभी राहिली.

"काय शे ते?"

"मम्मी, देवातली डबी होती ना, त्याच्यात..."

सुंदराबाईनं पाटी खाली ठेवली. परातीत हात घातला. पाणी अजून कोमट होतं. कॅसेट वर काढली तेव्हा तिच्या दोन भोकांतून साबणाचा फेस बाहेर आला. तिनं ती पदरानं पुसली, आणि पुसतच राहिली. वर्षाला वाटलं, आता आवाज चढेल, आता काहीतरी येईल. पण कानबाईच्या आठवड्यात घरात वाकडं तोंड करायचं नसतं, वाईट शब्द काढायचा नसतो; देवी येणाऱ्या वाटेवर काटे पेरल्यासारखं होतं. सुंदराबाईनं कॅसेट टेपशेजारी ठेवली, ओट्यापाशी गेली, आणि सकाळीच घासून लख्ख केलेला स्टोव्ह पुन्हा घासायला घेतला.

खसाखसा, खसाखसा.

भिंतीला कान असतात, आणि चाळीत भिंत अर्ध्याच विटेची. लीलाबाई दारात आली.

"काय झालं ओ सुंदराबाई? ष्टो चकाचक करून पार भोक पाडताव का काय?"

"काही नाही."

लीलाबाईनं आत नजर फिरवली. वर्षाचे भरलेले डोळे, टेपशेजारची ओली कॅसेट. तिला सगळं कळलं. तिला सगळं कळायचंच. "अगं बाई. बुवांची? तरी मी म्हणत होते, सुरतेची पोरगी, तिला देवाधर्माचं काय..."

"लीला," सुंदराबाई स्टोव्हवरून मान न उचलता म्हणाली, "देवाधर्माचं तिला समजलं म्हणूनच धुतलं तिनं. देवात ठेवेल व्हती ना मी. देव न्हातस."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि ती स्वतःच थबकली. रागाच्या भरात निघालं असतं तर गोष्ट वेगळी. पण ते निघालं होतं सुनेची बाजू घ्यायला, आणि निघाल्यावर कळलं की खरंच आहे. लीलाबाईनं ओठ मुडपले, "मी आपलं बोलले," म्हणाली आणि गहू हलवायला गेली.

संध्याकाळी सुंदराबाईचा नवरा सुकदेव मिलमधून आला. डाईंगमध्ये आयुष्य गेलेला माणूस. नखांच्या कडा कायमच्या निळ्या. घरात शिरताच त्याला काहीतरी कळलं. चहाचा कप हातात आला, पण कपासोबत नेहमीची बडबड आली नाही.

"काय व्हयनं वं?"

"कॅसेट न्हायनी," सुंदराबाई म्हणाली. "तुमन्हा सासरान्हा आवाज गया."

सुकदेवानं कॅसेट उचलून उजेडाकडे धरली. आत पट्टी दिसत होती, काळपट, पाण्यानं चिकटलेली. त्यानं ती कानाशी हलवली, जणू आत बुवा आहेत का ते ऐकायला. मग सावकाश म्हणाला, "पाणीनं रंग जात नही. रंग जास तो साबणनं. कापडमा साबण राही गया का डाग पडतस. आधी साबण काढा, मंग सावलीमा वाळवा. उन्हात नको."

"पट्टी म्हणजे कापड का?" सुंदराबाई चिडून म्हणाली.

"बाबा," वर्षा स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली. त्या परातीनंतर ती पहिल्यांदाच बोलत होती. "पट्टी कापड नाही. पण बादल्यासारखी आहे."

बादला म्हणजे जरीची चपटी तार. वर्षाच्या माहेरी गल्लीतल्या सगळ्या बाया जरीच्या फिरक्या भरायच्या. केसाहून बारीक, चपटी, झळझळीत तार. जरा ओढली की तुटणार, जरा वळली की घडी पडणार, मधे घामाचं बोट लागलं की काळी. वर्षा आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आईच्या मांडीशी बसून फिरकी भरत होती.

"उकलून धुवू," ती म्हणाली. "सगळी. मग पाणी निथळून वाळवू अने पाछी भरू. मी करीन, मम्मी. तुम्ही म्हणाल तरच."

सुंदराबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिला आठवलं, ही पोरगी चपाती लाटतानासुद्धा पीठ बोटांच्या टोकांनीच उचलते. हिच्या आईनं शिकवलेलं असणार.

"तुटली तर?"

"तुटली तर..." वर्षानं बोटांची टोकं पदराला पुसली.

"तुटी ते तुटी," सुकदेव म्हणाला. "आते बी कोठे वाजी र्‍हायनी?"

दुसऱ्या दिवशी शनिवार. चाळीतल्या बाकीच्या घरांत रोटांच्या पिठाची धांदल, आणि सुंदराबाईच्या घरात स्टूल उलटं ठेवलेलं. ही युक्ती वर्षाची. स्टुलाचे चार पाय वर, प्रत्येक पायाला मलमलीच्या जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली. सुकदेवानं शिलाई मशीनच्या बारक्या पेचकसानं कॅसेटचे स्क्रू काढले. आत तुपाचा वास आला आणि कुंकवाचा गाळ निघाला. चिमटीएवढा फोमचा तुकडा गळून पडला.

"हे खोकं गेलं," सुकदेव म्हणाला. "पट्टी ठेवाले दुसरं लागी."

वर्षा उठली, आपल्या पेटीतून एक कॅसेट घेऊन आली. गरब्याची. लग्नात भावानं दिलेली, नवरात्रात तिनं ती वाजवायची म्हणून जपलेली. सुंदराबाई काही म्हणायच्या आत तिनं पेचकस मागून घेतला.

"राहू दे वं, तुझ्या भावाची आहे."

"गरबा तर गल्लीत पण वाजतो मम्मी. फुकट."

मग काम सुरू झालं. उकळून गार केलेलं पाणी भगुण्यात. वर्षानं पट्टीचं टोक दोन्ही कडांनी धरलं आणि पाण्यातून अलगद ओढत नेऊन स्टुलाच्या चारही पायांभोवती गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा संपला की त्याच्या शेजारी दुसरा, वर नाही. सुंदराबाई स्टूल फिरवत होती. जिथं साबण राहिला असेल तिथं वर्षा थांबायची, पुन्हा पाण्यात बुडवायची. तोंडावर हवा लागू नये म्हणून श्वाससुद्धा बाजूला सोडायची.

काम लांबत गेलं. पट्टी संपता संपेना. हात गुंतलेले, जीभ मोकळी. आणि असल्या शांततेत माणसाला काहीतरी बोलावंसं वाटतंच.

"मम्मी," वर्षानं विचारलं, "बुवा काय सांगतात ह्यात?"

सुंदराबाईनं स्टूल एक वेढा पुढं फिरवलं. आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली. आधी साध्या बोलण्यात. पण ते कीर्तन साध्या बोलण्यात मावेना. हळूहळू तिच्या आवाजाला हेल आला, बुवांचा हेल.

"एक बाई होती. गावाच्या देवळात रोज पहाटे झाडायची. दर्शन घ्यायची नाही, नमस्कार करायची नाही. म्हणायची, मला वेळ कुठाय? आधी झाडते, मग घरी भाकरी टाकायची आहे. असं वर्षानुवर्षं चाललं. एक दिवस देवालाच राहवेना. म्हणाला, सगळे येतात, माझ्याकडे पाहतात, मागतात. ही एकटी पाहतच नाही! म्हणून देव गाभाऱ्यातून खाली उतरला आणि येऊन उभा राहिला तो ऐन झाडायच्या जागी. बाईचा झाडू त्याच्या पायाला लागला. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, बाबा, पाय उचला, इथं झाडायचंय."

वर्षा हसली. स्टूल थांबलं. "मग?"

"मग देवानं पाय उचलला! बाईनं खालची धूळ काढली आणि पुढं गेली. आता बुवा विचारतात, मंडळी, सांगा, दर्शन कुणाला झालं? बाईला देवाचं, की देवाला बाईचं?"

"देवाला," वर्षा लगेच म्हणाली.

"सगळं गाव हेच म्हणतं. आणि मग टेपवर बुवा म्हणतात..." सुंदराबाईचा हात हवेतच राहिला. "मग ते म्हणतात, सुंदी, वात सार पुढं. आणि मग पुढचा अभंग."

तिनं ते वाक्यही बुवांच्या सुरात म्हटलं होतं. पट्टीचं एक ओलं टोक वर्षाच्या बोटांवरून लोंबत राहिलं. मग सुंदराबाईनं पुन्हा स्टूल फिरवलं.

स्टूल पंख्याखाली ठेवलं, पंखा अगदी हळू. दुपारी लीलाबाई गहू परत द्यायला आली आणि उलट्या स्टुलावरचा तो काळा झळझळीत विणलेला प्रकार बघून दारातच थांबली.

"हे काय, माग लावला का घरात?"

"बुवा वाळत घातलेत," सुकदेव खाटेवरून म्हणाला.

लीलाबाईला हसू आवरेना. पण जाताना तिनं आपल्या हातानं गॅलरीकडची खिडकी लावून घेतली. "काजळी येते ओ," म्हणाली. "ओल्या पट्टीवर बसायची."

सुकदेव औषधांच्या दुकानातून स्पिरिट घेऊन आला. गुजरातेत दारूबंदी, आणि हातात स्पिरिटची बाटली. दुकानदारानं दोनदा विचारलं, काका, पिवा माटे तो नथी ने? प्यायला तर नाही ना? सुकदेव म्हणाला, सासऱ्याचा गळा साफ करायचाय. दुकानदार काही समजला नाही, पण बाटली दिली. त्या स्पिरिटात कापूस बुडवून सुकदेवानं टेपचं डोकं पुसलं. वर्षानुवर्षांचा तपकिरी मळ निघाला. सुंदराबाईनं तो कापूस पाहिला आणि मनाशी म्हणाली, इतकी वर्षं बाहेरून हळदकुंकू वाहिलं, आत कुणी पाहिलं नाही.

तिन्हीसांजेपूर्वी पट्टी वाळली. मग वर्षानं ती गरब्याच्या खोक्यात परत भरली, फिरकी भरावी तशी, एकेक वेढा, सैल नाही की ताठ नाही. मधे एके जागी पट्टी चुरगळलेली होती. कढत पाण्यात समईच्या बुडाखाली दबली होती, तिथं. वर्षानं ती नखाच्या पाठीनं हलकेच सरळ केली. पण घडी पूर्ण गेली नाही. तिनं सासूकडे पाहिलं. सुंदराबाईनं मान हलवली: भर.

"लावून बघू का?" सुकदेवानं विचारलं.

"नाही," सुंदराबाई म्हणाली. "कानबाई जाऊ दे. सोमवारी."

रविवारी कानबाई आली. चौरंगावर नारळाला नथ घातली, डोळे रेखले, शालू नेसवला. घर असं झळकलं की देवी स्वतःच्या मुखड्याचं प्रतिबिंब फ्रीजच्या दारात पाहत असावी. भाऊबंद आले. इच्छापोरच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून योगराज आला. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. बाया गाणी म्हणत राहिल्या. सुंदराबाई हसत होती, वाढत होती, फुगडीही खेळली. पण मधूनच तिची नजर टेपकडे जायची, जशी परीक्षेच्या निकालाकडे जाते.

सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर गेले. कानबाईला निरोप दिला. दुपारी पाहुणे पांगले, योगराज झोपला, आणि घर दर वर्षीसारखं रिकामं झालं. धुतलेल्या भिंती, पुसलेली भांडी, आणि मधेच मोकळा चौरंग.

सुंदराबाईनं समई लावली. चिंचेनं घासलेली समई सोन्यासारखी दिसत होती. सुकदेव खाटेवर बसला. वर्षा दारापाशी, उंबऱ्याला पाठ लावून.

"ये ना वं आत," सुंदराबाई म्हणाली. "तिथं काय बसली, मारवाड्याच्या दुकानी आल्यासारखी?"

वर्षा आत आली. सुंदराबाईनं बटण दाबलं.

आधी नुसतीच खरखर. सुकदेवानं घसा खाकरला. सुंदराबाईनं डोळे मिटले. मग कुठून तरी खूप लांबून टाळ वाजला, एकदा, दोनदा, आणि एखादा माणूस शेताच्या बांधावरून चालत घराकडे यावा तसा आवाज जवळ आला. बुवांचा आवाज. जरा दबका, सर्दी झाल्यासारखा, पण बुवांचाच.

सुंदराबाईच्या गालांवरून पाणी ओघळलं. तिनं ते पुसलं नाही.

दृष्टांत सुरू झाला. देऊळ, बाई, झाडू. वर्षाला पुढचं पुढचं येत होतं आणि तिचे ओठ हलत होते. "बाबा, पाय उचला," आलं तेव्हा टेपवरचं गाव हसलं, आणि खोलीत सुकदेवही हसला. "सांगा मंडळी, दर्शन कुणाला झालं?" टेपवर गलका. आणि मग बुवा थांबले.

"सुंदी..."

आणि खर्रर्र. पट्टीची घडी टेपच्या डोक्याखालून सरकली. पुढचे शब्द नव्हते. नुसती खरखर, आणि खरखर संपली तेव्हा अभंग सुरू झालेला.

सुंदराबाई हात अर्धवट पुढे केलेली तशीच बसून राहिली. हाक आली होती. हाक स्पष्ट आली होती. पण कशासाठी, ते गेलं होतं. समईची वात जळत होती, टोकाला काजळी धरत.

टेपवर अभंग चढत होता. वर्षा सासूच्या हाताकडे पाहत होती. ती घडी कुठून आली ते तिला चांगलं माहीत होतं. आणि इथं नेमकं काय होतं तेही. शनिवारीच, ह्याच सासूच्या तोंडून ऐकलेलं.

"मम्मी," ती अगदी हळू म्हणाली. आणि मग, अडखळत, तिला जमेल तसा तो हेल धरून, "वात... सार पुढं."

सुंदराबाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की सुकदेवानं खाटेवरून नजर खिडकीकडे वळवली.

"माझे गुडघे आता भरून आले," सुंदराबाई म्हणाली. "तू सार."

वर्षा उठली. समईपाशी बसली, आणि जरीची तार धरावी तशी, कडेनं, दोन बोटांनी वात पुढं सारली. ज्योत लांब झाली. नुकत्याच घासलेल्या पितळेवर तेलाचा एक थेंब पडला, बोटाला काजळी लागली. तिनं चटकन पदराचं टोक पुढं केलं.

"राहू दे ते," सुंदराबाई म्हणाली. "पुसू नको आता. ऐक."

अभंग संपेपर्यंत तिघं तशीच बसली. टेप खटकन थांबला, तेव्हा बाहेर नळाला पाणी आल्याची गडबड सुरू झाली होती आणि कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं. आठवडा संपला होता.

वर्षानं कॅसेट काढली. गरब्याच्या खोक्यावर टिपऱ्या खेळणाऱ्या बाया होत्या, आत शालिग्रामबुवा. तिनं लाल फडकं घेतलं आणि देवघराकडे वळली.

"तिथं नको," सुंदराबाई म्हणाली. "टेपच्या बाजूला ठेव. ह्या एकादशीला पुन्हा लावू."

"झिजेल ना मम्मी?"

"झिजू दे," म्हणत ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली, आणि चहाचं आधण ठेवायला गेली.